पालम दंगलचा फितूर

४ जानेवारी २०२५, शनिवार

ही वही आजपासून. ती स्कूटीच्या डिक्कीत राहील आणि डिक्कीची चावी माझ्या खिशात. घरात ठेवायची नाही. घरात कोण काय वाचतं याचा मला आता भरवसा राहिलेला नाही.

पुढे कधी सगळ्यांसमोर मांडायची वेळ आली तर काही सुटू नये म्हणून मुळापासून लिहितो. मी धम्मदीप वाव्हळे, वय तेहेतीस, पालमच्या एका ज्युनिअर कॉलेजात लिपिक. नऊ वर्षं झाली, कंत्राटावर. कुस्तीचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात पैलवान आपण घडवायचे. चेहरा, अंगकाठी, लंगोटाचा रंग, आखाड्यात यायची चाल, सगळं. स्वतःचा आखाडाच काढता येतो. तो मी दोन वर्षांपूर्वी काढला, नाव 'पालम दंगल'. एकोणीस पैलवान आहेत. कोण कुणाशी भिडणार, कोण जिंकणार, पट्टा कुणाच्या कमरेला बसणार, हे मी मंगळवारी ठरवतो. मग ठरलेला निकाल येईपर्यंत सामना परत परत खेळवायचा आणि आला की रेकॉर्ड करायचा. शुक्रवारी संध्याकाळी माझा शाळेपासूनचा मित्र शिवशंकर येतो, हेडफोन लावून त्यावर आपल्या बोलीत समालोचन करतो, आणि शनिवारी सात वाजता ते यूट्यूबवर जातं. हजार-बाराशे लोक बघतात. सोनपेठचे, बोरीचे, पुण्याला कामाला गेलेले आपल्याकडचे बरेच.

आता मुद्दा. सलग तिसऱ्या आठवड्यात निकाल फुटलाय. गुरुवारीच खाली कमेंट पडते. नाव लावलंय 'घोंगडं', फोटो नाही. या गुरुवारची जशीच्या तशी उतरवतो: "ह्या शनवारी तुफानच जिंकतो. शिवा पैलवान उताणा." आणि तसंच ठरलेलं होतं.

तुफान आपला पट्टाधारी. उंची सहा फूट चार. त्याचा चेहरा घडवताना मी माझा फोटो वापरला होता, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. शिवा पैलवानाला शिवशंकरचा चेहरा आहे. तो लढतो चांगला, लोकांना आवडतो. म्हणूनच तो हरला की लोकांना लागतं. हे बुकिंगचं, म्हणजे निकाल आधी ठरवायचं, शास्त्र आहे.

निकाल माहीत असणारी माणसं तीन. मी, शिवशंकर, आणि घरात वावरते म्हणून माधवी. फितूर या दोघांतला एक.

बाकी आठवडा नेहमीसारखाच. प्राचार्यांनी माझं टेबल ऑफिसातून काढून व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी लावायला सांगितलं. आत कपाट बसवायचंय म्हणे.

६ जानेवारी, सोमवार

शिवशंकरच्या दुकानात जाऊन आलो. बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मुद्दाम काही बोललो नाही, नुसता बसलो. तो एका बाईचा फोन उघडत होता. मला म्हणाला, "काय रे दीप्या, तोंड कामून उतरलंय?" मी म्हणालो काही नाही, टेबल भायेर काढलंय. तो म्हणाला, "पाण्याजवळ? चल, उन्हाळ्यात बरं हाय," आणि हसला. मग हसायचं थांबवून म्हणाला, "काय माणसं हायत रे."

तो इतकी आपुलकी का दाखवत होता, हे कळत नाही.

दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. एक, नोव्हेंबरात माझा फोन त्यानंच दुरुस्त केला. चार तास त्याच्याकडे होता. चार तासांत फोनात काहीही घालता येतं. दोन, त्याच्या घरी मेंढरं आहेत. पालमपासून अर्ध्या तासावर वाडीत राहतो, तिथून रोज ये-जा. घरी आई भिवराबाई, बायको दैवशाला आणि सत्तर-ऐंशी मेंढरं. घोंगडं कुणाच्या घरात असतं?

आता कुणी म्हणेल, ज्याला लपायचंय तो स्वतःचंच घोंगडं नावाला कशाला लावेल? पण हुशार माणूस नेमकं तेच करेल. कारण आपण असंच म्हणणार.

९ जानेवारी, गुरुवार

प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे. या आठवड्याची कमेंट कालच आली: "तुफान. पाच मिनटात." मी मंगळवारी ठरवलं होतं, तुफान जिंकणार, पाच मिनिटांत. रेकॉर्डिंग अजून झालेलंच नाही. शिवशंकरला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही.

म्हणजे मी मंगळवारी निकाल लिहितो ती बुकिंगची वही कुणीतरी वाचतंय. ती टीव्हीखालच्या खणात असते.

काल संध्याकाळी माधवी मागच्या ओट्यावर फोनवर बोलत होती. आवाज बारीक. मी दाराआड उभा राहिलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण राहिलो. ती म्हणाली, "आजबी नीट जेवले न्हाईत गं. ताट तसंच सारलं." मग थोडं थांबून, "हां, बोलले तर बोलले, न्हाई तर न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "तुमी सांगा त्यांना."

'जेवले न्हाईत' हा संकेत असू शकतो. जेवले म्हणजे तुफान हरणार, जेवले नाहीत म्हणजे जिंकणार. मी विचारलं तर सांगेल, बहिणीशी बोलत होते. मी विचारलं. ती म्हणाली, "दैवशालाशी बोलत होते."

दैवशाला म्हणजे शिवशंकरची बायको. नाव तिनं इतक्या सहज सांगितलं की मीच गोंधळलो.

११ जानेवारी, शनिवार

तुफान जिंकला. पाच मिनिटांत. बघणारे आठशे. एकानं खाली लिहिलं, "घोंगडंनं बुधवारीच सांगितलंय, आता बघायचं काय?"

१३ जानेवारी, सोमवार

आज सापळा लावला. बुकिंगच्या वहीत ठळक लिहिलं: शिवा पैलवान विजयी. ती मुद्दाम टीव्हीवर उघडी ठेवली. दुपारी शिवशंकरच्या दुकानात जाऊन सहज बोलता बोलता सांगितलं की या वेळी सामना बरोबरीत सोडवायचा विचार आहे. मनात मात्र तिसरंच. तुफान जिंकणार, आणि शिवाला आखाड्याबाहेर फेकून जिंकणार. हे कागदावर कुठेच नाही, आजपर्यंत तरी. आता या वहीत आहे आणि ही वही कुलपात.

'बरोबरी' आली तर शिवशंकर, 'शिवा' आली तर माधवी.

आज कॉलेजात कळलं की कायम व्हायची एक जागा होती ती संस्थेच्या सचिवांच्या भाच्याला दिली. तो मुलगा चोवीस वर्षांचा आहे. प्राचार्य मला म्हणाले, "वाव्हळे, त्याला जरा काम शिकवा." मी हो म्हणालो. दुकानात शिवशंकरनं विचारलं म्हणून सांगितलं. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, तारीख लक्षात राहावी म्हणून लिहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

कमेंट: "तुफान. आन ह्या बारीला नुसतं पाडणार न्हाई, उचलून भायेर टाकील."

माझ्या डोक्यातलं त्याला कसं कळतं?

यूट्यूबचा पासवर्ड बदलला, गेमचा बदलला, फोनचं कुलूप बदललं. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. माधवीनं विचारलं, हे काय? मी म्हणालो, ओरखडा पडलाय. तिनं पट्टी नखानं सारून पाहिली. मग म्हणाली, "कॉलेजात काही झालंय का?"

विषय बदलायची तिची ही पद्धत.

१७ जानेवारी, शुक्रवार

शिवशंकर आला. समालोचन छान केलं. शिवाला आखाड्याबाहेर फेकलं तेव्हा त्याचा आवाज किंचित बसला, पण त्यानं निभावून नेलं: "पडला, पण बघा मंडळी, मातीनं त्याला वळखलं." हे त्याला जागच्या जागी कसं सुचतं कोण जाणे.

हेडफोन काढल्यावर म्हणाला, "दीप्या, शिवाला एकदा तरी जिंकू दे की. माय लय वैतागते."

मी म्हणालो, कथेची गरज असते. तो म्हणाला, "दोन वर्सं एकच गरज?"

म्हणजे कारणही सापडलं. राग आहे त्याच्या मनात.

२४ जानेवारी, शुक्रवार

झालं ते लिहितो. बरोबर केलं की नाही ते नंतर.

या गुरुवारी परत बरोबर कमेंट आली. आज शिवशंकर आला, खुर्चीत बसला, हेडफोन उचलला. मी म्हणालो, "आधी एक सांग. घोंगडं कोण?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या घरात किती घोंगड्या हायत?"

त्यानं आधी हसून घेतलं. मी हसत नाही म्हटल्यावर थांबला. मी फोनचं काढलं, नोव्हेंबरचं काढलं, चार तासांचं काढलं. म्हणालो, तुझा पैलवान हरतो म्हणून तू आखाडाच बुडवायला निघालास. माधवी चहा घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली.

शिवशंकर म्हणाला, "तुझा फोन मी उघडला तवा पाणी गेलं हुतं त्यात. चार तास दिव्याखाली सुकवला. आमी मेंढरामागं फिरणारे, म्हणून चोर का रे?"

मी म्हणालो, मी तसं म्हणालो नाही.

"घोंगड्या मोजायला लागलास की." त्यानं हेडफोनची वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली. "तुला आयुष्यात कुणी असं बोललं असतं, तर तू काय केलं असतंस ते तूच इचार." माधवीला म्हणाला, "वहिनी, चहा राहू द्या." आणि गेला.

आमच्या लोकांवर शक घेणारे कमी पाहिलेत का मी? पुरावा असता तर वाईट वाटलं नसतं. पुरावा आहेच. तरी वाईट वाटतंय.

१ फेब्रुवारी, शनिवार

समालोचन मीच केलं. तीन वेळा रेकॉर्ड केलं. ऐकलं तेव्हा मी नोटीस वाचतोय असं वाटलं. बघणारे तीनशे चाळीस.

गुरुवारची कमेंट: "तुफान जिंकंल. माणूस लय दुखावलाय. त्यो आवाजवाला का गेला?"

शिवशंकर आता आत नाही, तरी निकाल बरोबर. मग उरली एकच. संध्याकाळी माधवीला समोर बसवलं आणि विचारलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

"फितुरी करायला आधी कुणी काही सांगावं लागतं," ती म्हणाली. "तुमी मला शेवटचं कधी काय सांगितलंत?"

मी आठवायला लागलो. गॅसचं बुकिंग केलंय, हे सांगितलं होतं. ते मंगळवारी.

"टेबल भायेर काढलेलं मला दैवशालानं सांगितलं," ती म्हणाली. "भाच्याचं पण तिनंच. मी तुमची बायको, आणि वाडीवरून मला बातमी येते."

म्हणजे तिकडून इकडे आणि इकडून तिकडे दळणवळण आहे, हे तिनं स्वतःच कबूल केलं. ही नोंद महत्त्वाची. तरी ती उठून गेली तेव्हा उरलेली भाजी मीच निवडली.

८ फेब्रुवारी, शनिवार

या वेळी डोक्यातसुद्धा काही ठेवायचं नाही असं ठरवलं. नाणं उडवलं. छापा तुफान, काटा शिवा. काटा पडला.

ठीक आहे म्हटलं. तुफानला हरवायला बसलो. शिवानं त्याला खाली घेतला, छातीवर बसला, पंच मोजायला लागला. एक, दोन. तिथे मी सामना थांबवला. नाणं गादीवर पडलं होतं. गादीवर पडलेलं नाणं धरत नाहीत. परत उडवलं तर परत काटा. मग मला वाटलं, पट्टा असा नाण्यावर सोडणं हा प्रेक्षकांचा अपमान आहे. तुफानला जिंकवलं.

कमेंट गुरुवारचीच: "तुफान."

नाणं मी गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर उडवलं होतं. कमेंट दुपारची आहे. याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. लागला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पत्र मिळालं. ३१ मार्चनंतर कंत्राट वाढवण्यात येणार नाही. खाली सही प्राचार्यांची, टाइप केलेलं भाच्यानं. त्याला पत्राचा नमुना मीच शिकवला होता. दिनांक, जावक क्रमांक, विषय, सगळं बरोबर होतं.

कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

घरी येऊन बराच वेळ खुर्चीत बसलो होतो. माधवी म्हणाली, बूट काढा. तेव्हा लक्षात आलं.

या शनिवारी तुफान एकटा दोघांशी लढेल. दोघांना पाडेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कमेंट: "त्याचं कायतरी लय मोठं बिघडलंय. ह्या बारीला एक पुरणार न्हाई त्याला. दोन पाडील."

मी फोन बंद करून ठेवला. नंतर कॉलेजच्या मागे जाऊन उभा राहिलो. हे आता पासवर्डचं काम नाही. कुणीतरी माझ्याकडे बघतंय. रोज, जवळून.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज वाडीला जाऊन आलो. सगळं लिहायला हवं, कारण सगळं उलटं निघालं.

शिवशंकरला रंगेहाथ धरायचं म्हणून सकाळीच निघालो. दुतर्फा करडई काढणीला आलेली. घरापुढे मोकळं अंगण, एका बाजूला मेंढरं कोंडायची जाळीची वाघूर, आत नुसती कोकरं. शिवशंकर मेंढरं घेऊन गेलेला. भिवराबाई पायरीवर बसली होती, समोर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. फोनात तुफान दोघांना पाडत होता.

दैवशालानं मला आधी पाहिलं. "माय, धम्मदीप भावजी आले," म्हणाली आणि फोन उचलायला धावली.

भिवराबाईनं मान वर केली. "राहू दे. ये बाबा तुफान, बस."

मी बसलो नाही. "मावशी, घोंगडं कोण?"

दैवशाला खाली बघायला लागली. "टाइप मी करते, भावजी. सांगत्यात ह्या."

"शिवशंकरला माहीत हाय?"

"त्यांना म्हैत असतं तर करू दिलं असतं का? तुमचं भांडण झाल्यावर तर सांगायचंच धाडस झालं न्हाई."

मग मी पायरीवर बसलो. विचारलं, "तुमाला निकाल कोण सांगतं, मावशी?"

"निकाल कशाला सांगाया पायजे?" ती म्हणाली. "शिवशंकर जेवताना बोलायचा. आज दीप्याचं टेबल भायेर काढलं. आज त्याची जागा दुसऱ्याला दिली. मी म्हणायची, मग झालं, ह्या शनवारी तुफान जिंकला. त्यो यायचा बंद झाला तर तुझी माधवी हिला सांगते. जेवला न्हाई, बोलला न्हाई, बूट घालून बसला. मेंढरू चरंना म्हणल्यावर त्याच्या पोटात काय तरी असतंय. तुला बाहेर जेवढं मारतेत, तेवढं तू आत माझ्या लेकराला मारतुस."

मी म्हणालो, असं काही नाही.

"दिवाळीला तुफान हरला हुता का न्हाई? एकदाच?"

हरला होता, शिवाशी नाही, दुसऱ्या एकाशी. दिवाळीला प्राचार्य म्हणाले होते की कायम करायला तुमचं नाव पाठवतो. तो आठवडा चांगला गेला होता. तेव्हा मला वाटलं होतं, कथेत बदल हवा.

दैवशालानं पाणी दिलं. मी पीत होतो तोवर भिवराबाई आपल्याशीच बोलल्यासारखी बोलत होती. तिचा नवरा ग्यानबा कुस्त्या खेळायचा. एका जत्रेत वजनदार माणसाच्या पुतण्याशी जोड लागली आणि आदल्या दिवशी निरोप आला की पडायचं. "आमी बाया लांब, गाडीवर उभ्या. पर मला दिसलं. समोरच्यानं ढकलायच्या आधी ह्येनं पाठ टेकवली. घरी आला, मी काय बोलले न्हाई. त्यो बी न्हाई. त्यानंतर त्यो आखाड्यात उतरलाच न्हाई. तवापासून नुराकुस्ती मला लांबून कळती. ठरवून पडणारा माणूस आधी खांदा सोडतो. तुझ्या गेममधला शिवा बी सोडतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या बारीला दोघं पाडलेस. एवढं काय झालं?"

मी कुणाला सांगणार नव्हतो. तोंडातून निघून गेलं. "एकतीस मार्चला माझं काम सुटतंय, मावशी."

एक कोकरू माझ्या चपलेचा पट्टा चघळत होतं, ते भिवराबाईनं काठीनं बाजूला केलं.

"माधवीला म्हैत हाय?"

"न्हाई."

"मग मला कामून सांगायलास? घरी जा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी आल्या आल्या माधवीला पत्र दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "बुधवारपासून खिशात घेऊन फिरताय." मग म्हणाली, "मला वाटलं तुमाला काही आजार निघालाय. मी चार दिवस तेच धरून बसले होते. दैवशालाजवळ रडले पण."

मी दाराआड उभं राहून तिचं बोलणं ऐकलं होतं, तेही सांगितलं. ते तिला पत्रापेक्षा जास्त लागलं. आज सकाळी ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिचं बरोबर आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

या शनिवारी पालम दंगल दाखवली नाही. लोकांनी विचारलं, उत्तर दिलं नाही.

दुपारी शिवशंकरच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर थांबलो. मग म्हणालो, "माझं चुकलं. घोंगड्यांचं बोललो ते तर लय चुकलं." एवढंच पाठ केलं होतं, तेवढंच आलं.

तो स्क्रू लावत होता. शेवटचा लावून झाल्यावर बोलला. "मायनं सगळं सांगितलं. तिच्यावर बी चिडलो मी. पर दीप्या, चोर म्हणलास त्याचं मला तेवढं न्हाई. मी दर शुक्रवारी तुझ्या घरी येऊन माझ्याच तोंडानं मला पाडायचो. हसत. आन तुला ते एकदाबी दिसलं न्हाई."

मग म्हणालो, पुढच्या शनिवारी शिवा जिंकेल, पट्टा त्याचा.

त्यानं मान हलवली. "ती बी नुराच की. भीक नको. दोन रिमोट हायत ना तुझ्याकडं? तू तुफान घे, मी शिवा घेतो. सरळ, सगळ्यांसमोर, लाइव. कोण पडल ते पडल."

"तुला रिमोट नीट धरता तरी येतो का?"

"आठ दिवस हायत," तो म्हणाला.

१ मार्च, शनिवार

शिवशंकरच्या दुकानाचं अर्धं शटर ओढून आत टीव्ही लावला. माधवी आली होती. समोर स्टुलावर बसून ती फोनवरच्या कमेंट वाचत होती. लाइव बघणारे नऊशे होते. सामन्याआधी घोंगडंची कमेंट आली, तिनं मोठ्यानं वाचली: "तुफान जिंकंल. त्याला अजून राग हाय, आन आमच्या शिवाची बोटं जाड हायत."

शिवशंकर म्हणाला, "मायचा बी भरवसा न्हाई," आणि समालोचन सुरू केलं. खेळता खेळता बोलत होता, त्यामुळे दोन्ही गडबडत होतं.

पहिली चार मिनिटं मीच वरचढ होतो. शिवा खाली, तुफान त्याच्या पाठीवर. तेव्हा मनात आलं की आता सोडून द्यावं. एक बटण उशिरा दाबलं की झालं, कुणाला कळणार नाही, आणि माझी माफी पुरी होईल. अंगठा तसा सैल सुटलासुद्धा. पण वाडीवर ती बाई फोनाकडे बघत बसली असणार, तिला तुफानचा खांदा दिसला असता. मी परत घट्ट धरलं. सगळा जोर लावून खेळलो. यापेक्षा चांगलं मला खेळता येत नाही.

आणि हरलो. कसा, ते अजून नीट कळलेलं नाही. शिवशंकरनं कुठलं तरी चुकीचं बटण दाबलं, शिवा भलतीकडेच वळला, मी रिकाम्या जागेवर झेपावलो आणि तो मागून आला. पंचानं तीन मोजले. मी तिन्ही वेळा बटणं बडवत होतो.

शिवशंकर समालोचन करायचं विसरला. नऊशे लोकांना काही सेकंद नुसता टीव्हीचा आवाज ऐकू गेला. मग तो म्हणाला, "मंडळी, शिवा पैलवान," आणि रिमोट मांडीवर ठेवला.

मला राग आला. खरंच आला. त्याला हात दिला, पाठ थोपटली, पण आतून चडफडत होतो. तिथेच माधवीला म्हणालो, "त्यानं बटण चुकून दाबलं म्हणून जिंकला." ती म्हणाली, "हां. सांगा अजून." मग मी जागेचं सांगितलं, भाच्याचं सांगितलं, पत्राचा नमुना मीच शिकवला होता तेही सांगितलं, तिथेच, दुकानात, शिवशंकर वायरी गुंडाळत असताना. शिवशंकर म्हणाला, गंगाखेडला एका दुकानात हिशेबाला माणूस पाहिजे, सोमवारी जाऊन येऊ. मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, "बघू न्हाई. जाऊ."

शटर ओढताना माधवीच्या फोनवर घोंगडंची आणखी एक कमेंट आली. तिनं वाचली नाही, फोन माझ्या हातात दिला.

"माझं चुकलं. लय बरं वाटलं."